किती आजार, किती ओरेस्ट

लग्नाला चौतीस वर्षं झाली त्या दिवशी डार्लीन बोदनारनं सकाळपासून वाट पाहिली. न्याहारी झाली, जेवण झालं, दुपारची डुलकी झाली. ओरेस्ट काही बोलेना. शेवटी संध्याकाळी तिनं स्वतःच केलेला केक त्याच्यापुढे आदळला, तर गडी म्हणतो, "अरे वा! कुणाचा वाढदिवस?"

डार्लीननं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पॉपलर बेंड गावातली शाळेची बस ती चालवायची, आणि मागच्या बाकावरच्या दंगेखोर पोरांना आरशातून नुसत्या नजरेनं गप्प बसवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. ती नजर आता ओरेस्टवर रोखलेली होती.

ओरेस्टला चूक उमगली. पण तो डगमगला नाही. त्यानं डाव्या कानाच्या वर बोट टेकवलं आणि दुःखी चेहरा करून म्हणाला, "ती पेशी गेली असणार गं. परवापर्यंत होती."

हे पेशीचं प्रकरण जुनं होतं. ओरेस्टला मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या सपाट मुलखात या आजाराचं कुणाला नवल नव्हतं; चर्चच्या रांगेत चार बाकांमागे एक तरी एमएसवाला बसलेला असायचा. पहिल्यांदा निदान झालं तेव्हा ओरेस्ट महिनाभर कुणाशी धड बोलला नव्हता. गावच्या धान्याच्या उंच कोठारावर आयुष्य काढलेला, गव्हाच्या गोणीसारखा भक्कम माणूस तो, आणि चालताना त्याचा उजवा पाय फरपटायला लागला होता. डॉक्टरांनी समजावलं की शरीराची संरक्षण करणारी फौजच उलटली आहे आणि मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते आहे, वायरीवरचं रबर उंदरांनी खावं तसं. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरानं सांगितलं की नुसतं आवरणच नाही, मेंदूतल्या चेतापेशीही हळूहळू मरतात.

दुसऱ्या कुणी ते ऐकून हाय खाल्ली असती. ओरेस्टला मात्र त्या दिवशी जन्माची सबब सापडली.

कचरा बाहेर ठेवायची पेशी पहिल्या वर्षीच गेली. मग भांडी घासायची गेली. ओला टॉवेल पलंगावरून उचलायची गेली. डार्लीनच्या मावशीला फोन करायची पेशी तर इतकी तडकाफडकी गेली की त्या पेशीच्या आत्म्याला शांती लाभो असं ओरेस्ट स्वतःच म्हणाला. आणि चाळीस वर्षांपूर्वी शेजारच्या गावाविरुद्धच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, सामन्यात शेवटचा दगड कुणी कसा सरकवला, बर्फाला कुठे खाच होती, कुणी शिवी दिली, या सगळ्याच्या पेशी मात्र लोखंडासारख्या टणक!

"हा आजार फार हुशार आहे हो," डार्लीन शेजारणीला म्हणायची. "बरोबर कामाच्याच पेशी शोधून खातो."

त्या केकनंतर थोड्याच दिवसांनी सास्काटूनच्या दवाखान्यात नेहमीच्या तपासणीला गेले असताना तिथल्या संशोधक डॉ. मिरेल गोदे त्यांना भेटल्या. बाई तरुण, बोलायला मऊ, आणि चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. त्या म्हणाल्या, "एमएसमध्ये चेतापेशी किती आणि कुठल्या भागात कमी होतात, हे एमआरआयनं मोजायचा आमचा अभ्यास चालू आहे. एकदा आत्ता चित्रं काढायची, एकदा वर्षानं. त्याबरोबर थोड्या चाचण्या. आणि तुलनेसाठी त्याच वयाचं निरोगी माणूस लागतं. बहुतेक वेळा आम्ही नवऱ्याला नाहीतर बायकोलाच विचारतो."

ओरेस्ट विचार करायला लागला. डार्लीन लागली नाही.

"म्हणजे याच्या डोक्यातलं काय गेलं आणि काय शिल्लक आहे ते दिसणार?"

"साधारण दिसेल."

"मग मला एकच सांगा बाई." डार्लीन खुर्ची पुढे ओढून बसली. "हा माणूस जे जे करतो, आणि मुख्य म्हणजे जे जे करत नाही, त्यातलं किती आजारामुळे आणि किती ओरेस्टमुळे, हे तुमच्या मशीनला कळेल का?"

डॉ. गोदेंनी चष्मा वर सरकवला. "एवढं बारीक अजून नाही मोजता येत."

"प्रयत्न तर करा. मी येते."

"मीही येतो," ओरेस्ट म्हणाला. "एकदाचा पुरावा होऊन जाऊ दे. मग बघ, टॉवेलचं नाव काढायची सोय राहणार नाही तुला."

ठरलेल्या सकाळी दोघं ट्रकमधून निघाली. कापणी उरकलेली, दोन्ही बाजूंना रिकामी शेतं, आणि डार्लीनच्या चेहऱ्यावर खटला जिंकायला निघालेल्या वकिलाचं तेज. मेंदू स्कॅन व्हायचा म्हणून तिनं केससुद्धा सेट करून घेतले होते.

आधी चाचण्या होत्या. पहिली पाळी डार्लीनची. डॉ. गोदे पंधरा शब्द वाचणार आणि तिनं आठवतील तेवढे सांगायचे. सोपं काम. पण डार्लीनला त्या क्षणी आठवलं की आपण घरचा स्टोव्ह बंद केला का नाही ते बघितलेलं नाही. ते पंधरा शब्द स्टोव्हच्या ज्वाळांतून आल्यासारखे तिच्या कानांवर आले.

"फावडं," ती म्हणाली. "मोहरी... हातमोजे. आणि ते आपलं... टर्की होती का त्यात?"

"टर्की नव्हती," डॉ. गोदे हळुवार म्हणाल्या.

"असायला हवी होती," डार्लीन म्हणाली.

नंतर ओरेस्टला आत बोलावलं. डार्लीननं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची परवानगी मागितली. ती मिळाली, पण तोंडातून एक शब्द काढायचा नाही या अटीवर. ओरेस्टनं हाताची घडी घातली, डोळे मिटले आणि शब्द ऐकले. मग जपमाळ ओढावी तसा घडाघडा सांगत सुटला. फावडं, मोहरी, हातमोजे, कंदील, जर्दाळू... एकच शब्द राहिला. मधे दुसऱ्या चाचण्या झाल्या, अर्ध्या तासानं डॉ. गोदेंनी पुन्हा तेच शब्द विचारले, तर पठ्ठ्यानं राहिलेला शब्दही हजर केला.

"फार छान!" डॉ. गोदे म्हणाल्या. "तुमची शब्दांची आठवण तुमच्या वयाच्या निरोगी माणसाहूनही चांगली आहे."

ओरेस्टची छाती फुगली. त्यानं विजयी मुद्रेनं कोपऱ्यात पाहिलं, आणि बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून त्याची छाती जागच्या जागी बसली. डार्लीन इतक्या गोड हसल्याचं त्यानं लग्नानंतर पाहिलं नव्हतं. आपण चाचणी जिंकलो आणि खटला हरलो, हे त्याच्या ध्यानात आलं.

"पंधरा," डार्लीन फक्त ओठ हलवून म्हणाली. आवाज न काढता. अट तिनं मोडली नाही. "पंधराच्या पंधरा. आणि शनिवारी दुकानातून तीन वस्तू आणायच्या होत्या."

"डॉक्टर," ओरेस्ट घाईघाईनं म्हणाला, "ही शब्दांची चाचणी तितकीशी भरवशाची नसते ना?"

पुढची चाचणी आकड्यांची होती. यंत्रातून एका बाईचा आवाज येणार, थोड्या थोड्या वेळानं एकेक आकडा सांगणार. आलेला आकडा त्याच्या आधीच्या आकड्यात मिळवायचा आणि बेरीज मोठ्यानं म्हणायची. उत्तर धरून ठेवायचं नाही, आकडा धरून ठेवायचा. ओरेस्टनं मान डोलवली. कोठारावर त्यानं गव्हाचे हिशेब तोंडी केले होते. एकअंकी बेरजा म्हणजे पोरखेळ.

"तीन," यंत्रातली बाई म्हणाली. "पाच."

"आठ."

"दोन."

"सात."

"नऊ."

ओरेस्टनं तोंड उघडलं. "अं..."

"चार."

"थांबा. नऊ आणि... तेरा. हो, तेरा."

"एक. सहा."

तो हसला. मग एक बेरीज सापडली, पुढच्या तीन निसटल्या. बाईचा आवाज थांबत नव्हता, चढत नव्हता, उतरत नव्हता. ओरेस्टचं हसू हळूहळू विझलं. त्यानं टेबलाची कड धरली. त्याचे ओठ हलत होते, पण तो प्रत्येक वेळी एक आकडा मागे होता. सुटलेल्या बसमागे माणूस धावतो आणि दार हाताशी येता येता पुढे जातं, तसं. बस चालवणाऱ्या डार्लीनला तो चेहरा ओळखीचा होता. ती असा चेहरा आरशात दिसला की ब्रेक दाबायची.

"सात," बाई म्हणाली. "तीन."

"अहो, बंद करा ना ती बया!" डार्लीन ओरडली.

डॉ. गोदेंनी यंत्र बंद केलं.

"तू बोलायचं नव्हतंस," ओरेस्ट खाली बघत म्हणाला.

"ती तरी कुठे गप्प बसत होती!"

ओरेस्टनं रुमालानं कपाळ पुसलं. "मस्त बाई आहे हो," तो डॉ. गोदेंना म्हणाला. "लग्न झालंय का तिचं?" पण आवाज काही जागेवर नव्हता, आणि विनोदाला कुणी हसलं नाही.

स्कॅनच्या विभागात केल्विन नावाचा अगडबंब तंत्रज्ञ होता. दोन माणसांएवढा देह आणि बाळाला झोपवतात तसा आवाज. आत लोहचुंबक प्रचंड ताकदीचं असतं म्हणून तो एकेकाला प्रश्न विचारत होता. डार्लीननं कानातले, घड्याळ, केसांतल्या सगळ्या पिना काढून दिल्या. सेट केलेल्या केसांचा मुडदा पडला.

"हृदयात पेसमेकर?"

"नाही."

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय?"

"नाही."

"शरीरात कुठे धातूचा तुकडा, छर्रा, गोळी?"

"छे! मी बस चालवते बाबा, युद्धावर नव्हते."

"आहे की!" खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून ओरेस्ट म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिथे आणखी दोन रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बसलेले होते, त्यांनीही मासिकं खाली केली.

"ओरेस्ट," डार्लीन दातांतून म्हणाली.

"अगं, छर्रा आहे ना! लहानपणी तुझ्या भावानं हवेच्या बंदुकीनं उडवला होता तो. डॉक्टरांनी राहू दे म्हणून सांगितलं. अजून आहे. हाताला लागतो."

"कुठे आहे तो?" केल्विननं विचारलं.

डार्लीनचा चेहरा बीटासारखा लाल झाला. पन्नास वर्षं त्या छर्र्यावर बसून ती खरंच त्याला विसरून गेली होती. "मागे," ती म्हणाली.

"पाठीत?"

"आणखी खाली," ओरेस्टनं मदत केली. "डावीकडे. बघ हां डार्लीन, मी विसरलो नाही."

केल्विननं खूप गंभीर चेहऱ्यानं एक्स-रेची व्यवस्था केली. छर्रा होता, वाटाण्याएवढा, गोल, पडद्यावर पांढराशुभ्र चमकणारा. आता प्रश्न असा की तो शिशाचा का पोलादाचा. शिसं असेल तर चुंबक त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. पोलाद असेल तर भरवसा नाही. एक्स-रेवरून ते सांगता येईना.

"ज्यानं मारला त्याला माहीत असेल," डॉ. गोदे म्हणाल्या.

म्हणून मूस जॉ गावात शेतीच्या विम्याचा धंदा करणाऱ्या लॉइडला, म्हणजे डार्लीनच्या थोरल्या भावाला, फोन लावला. डार्लीनला मोबाइलची बटणं चष्म्याशिवाय दिसेनात, त्यामुळे फोन स्पीकरवर गेला तो गेलाच.

"लॉइड, एक विचारायचंय. तू मला छर्रा मारला होतास ना, तो शिशाचा होता का पोलादाचा?"

पलीकडे खुर्ची करकरली.

"कसला छर्रा?" लॉइड म्हणाला.

"कसला छर्रा म्हणून विचारतोस? कोंबड्यांच्या खुराड्यामागे!"

"मी नाही मारला. तू कुंपणावर पडलीस. तेव्हाच सांगितलं होतं मी आईला."

"लॉइड, मी आत्ता एक्स-रेमध्ये बघतेय तो! कुंपणाला छर्रे लागतात का रे झाडाला लागल्यासारखे?"

"मग शेजारच्या वॉल्टरनं मारला असेल."

"लॉइड, आई जाऊन वीस वर्षं झाली. आता कोणी पट्टा घेऊन येणार नाहीये. खरं बोल."

मग एक लांब सुस्कारा. वेटिंगमधली माणसं फोनच्या दिशेनं थोडी झुकली.

"मी कावळ्याला मारत होतो, डार्ली," लॉइडचा आवाज एकदम दहा वर्षांच्या पोरासारखा झाला. "तू मधे आलीस. गेली पन्नास वर्षं मी तुला खुर्चीत बसताना बघतो आणि मान फिरवतो."

"ते असू दे. शिसं का पोलाद?"

"पोलाद. वर तांब्याचा मुलामा."

केल्विननं मान हलवली. उपचारासाठी स्कॅन हवा असता तर मोठ्या डॉक्टरांना विचारून काहीतरी मार्ग काढला असता. नुसत्या अभ्यासासाठी धोका पत्करायचा नाही, असा तिथला नियम होता. डार्लीन बाद.

ओरेस्टला हसू आवरेना. "म्हणजे हिला मेंदू आहे की नाही, ते आता कधीच सिद्ध होणार नाही!"

"मी येतो की बदली," फोनमधून लॉइड म्हणाला. तो अजून तिथेच होता. "खरंच, डार्ली. तुझ्यामुळे... माझ्यामुळे अडलं ना? माझं डोकं घ्या."

डॉ. गोदेंनी त्याचं वय विचारलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं.

ओरेस्टला आत नेलं. त्याला त्या नळीची सवय होती. ढणढण, टकटक असा आवाज सुरू झाला की तो तिथे झोपायचासुद्धा. डार्लीन बाहेर बसून राहिली. तिच्या हातात त्याचा पट्टा, घड्याळ आणि लग्नाची अंगठी होती. तिला ती आकड्यांची बाई ऐकू येत होती. सात. तीन. आणि तिचा नवरा टेबलाची कड धरून बसलेला.

परतीच्या वाटेवर ट्रक डार्लीन चालवत होती. रेडिओ तिनं लावला नव्हता.

"दुकानात असंच होतं का?" तिनं शेवटी विचारलं.

ओरेस्टनं खिडकीबाहेर पाहिलं. "आत शिरताना सगळं पाठ असतं गं. मग दारातली पोरगी विचारते, कसे आहात? वर गाणं चाललेलं. मागून कुणीतरी हाक मारतं, ओरेस्ट, यंदा गहू काय म्हणतो? एकेकाला मी उत्तर देऊ शकतो. पण कापणीच्या दिवसांत कोठारावर सगळे ट्रक एकदम फाटकात यायचे, आठवतंय? कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही, सगळे भोंगे वाजवताहेत. तसं होतं. मग मी हाताला लागेल ते घेतो आणि बाहेर पडतो."

"म्हणून पत्त्यांचा डाव सोडलास?"

"हं."

"मला पाय दुखतो म्हणून सांगितलंस."

"पाय पण दुखतो."

डार्लीननं स्टिअरिंग घट्ट धरलं. "मला का नाही सांगितलंस? त्या पेशीबिशीच्या गोष्टी ऐकवत बसलास ती एवढी वर्षं!"

"पेशी गेली म्हटलं की तू चिडायचीस," ओरेस्ट म्हणाला. "भांडी आपटायचीस. सगळं नेहमीसारखं वाटायचं. हे सांगितलं असतं तर तू चिडली नसतीस. तू चिडली नाहीस की मला भीती वाटते, डार्लीन."

एक मैलभर तिनं ट्रक दामटला. मग म्हणाली, "आणि लग्नाचा वाढदिवस?"

"तो खरंच विसरलो."

"आजारामुळे?"

ओरेस्टनं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. तो आपला असाच विसरलो."

डार्लीन रस्त्याच्या कडेला ट्रक थांबवून त्याच्यावर इतकी ओरडली की पलीकडच्या शेतातली हंसांची आख्खी झुंड उडाली. ओरेस्ट सीटला टेकून शांतपणे ऐकत होता. त्याला बरं वाटत होतं.

लॉइडचा स्कॅन पुढच्या आठवड्यात झाला आणि तेव्हापासून नातेवाइकांना त्याचा जाच सुरू झाला. तपासणीत काही वावगं नाही एवढंच त्याला सांगण्यात आलं होतं. त्यानं त्याचं "प्रांतातला आदर्श मेंदू" असं केलं. विमा विकताना तो आता सांगे की ज्या डोक्यावर विद्यापीठ विसंबून आहे त्यावर तुम्ही गारपिटीच्या बाबतीत विसंबायला हरकत नाही.

वर्ष गेलं. दुसरी चित्रं काढून झाली, आणि काही दिवसांनी डॉ. गोदेंनी दोघांना बोलावलं. अभ्यास शेकडो लोकांचा असतो, एकट्या माणसाबद्दल त्यावरून फार बोलता येत नाही, असं त्यांनी आधीच बजावलं. पण ओरेस्टच्या नेहमीच्या डॉक्टरांना हे मोजमाप उपयोगी पडणार होतं, आणि ओरेस्टनंही बघायचा हट्ट धरला होता.

पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. अक्रोड मधोमध कापल्यासारखी.

"वयाबरोबर सगळ्यांचाच मेंदू थोडा थोडा आकसतो," डॉ. गोदे म्हणाल्या. "तुमचा त्याहून थोडा जास्त वेगानं आकसतोय. आणि हा मधला भाग बघा, याला थॅलॅमस म्हणतात. इकडून तिकडे जाणारे बहुतेक निरोप इथून जातात. इथल्या पेशी जास्त कमी झाल्यात."

"म्हणजे फाटक," ओरेस्ट म्हणाला.

"फाटक?"

"काही नाही. कळलं मला."

डार्लीन चित्राकडे बघत होती. डावीकडच्या आणि उजवीकडच्या चित्रात असा मोठा फरक तिला दिसत नव्हता. मधल्या काळ्या पोकळीची कड थोडीशी सरकली होती, बस. वर्षभर ती ज्या माणसाबरोबर जेवली, भांडली, झोपली, त्याच्यातून एवढं निघून गेलं होतं आणि तिला पत्ता नव्हता. वर्षभर मनात घोळवलेला तो प्रश्न, किती आजार आणि किती ओरेस्ट, आता विचारायची तिला अजिबात इच्छा होईना.

ओरेस्टनं तिच्याकडे पाहिलं. ती चिडलेली नव्हती. ते पाहून त्याची गाळण उडाली.

"डॉक्टर," तो चटकन म्हणाला, "आणि भांडी घासायचा भाग?"

डॉ. गोदेंनी चष्मा वर सरकवला. चित्र मोठं केलं, फिरवलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

"दोन्ही बाजू नीट पाहिल्या," त्या म्हणाल्या. "भांडी घासण्यात अडथळा येईल असं काही आढळत नाही."

"ओला टॉवेल उचलण्यात?" डार्लीननं विचारलं. आवाज किंचित घोगरा होता.

"शाबूत."

"मावशीला फोन?"

"तो भाग तर फारच उत्तम दिसतोय."

"बघितलंस!" डार्लीननं ओरेस्टच्या दंडावर एक सणसणीत रट्टा दिला आणि मग त्याच हातानं डोळे पुसले. ओरेस्ट दंड चोळत हसत राहिला.

नेहमीच्या डॉक्टरांनी त्याचं औषध बदललं. त्यानं गेलेलं परत येणार नव्हतं, जाण्याचा वेग कमी झाला तर झाला. बाकी घरचेच उपाय: एका वेळी एकच माणूस, एका वेळी एकच आवाज.

त्या महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये गावजेवण होतं. भाजलेली टर्की, ग्रेव्ही, बटाटा भरलेल्या पेरोगी, कोबीच्या पानांत भात गुंडाळलेल्या होलुब्त्सी, आणि तीनशे माणसं एकदम बोलणारी. ओरेस्ट दोन वर्षं तिकडे फिरकला नव्हता. या वेळी डार्लीननं त्याला काठी दिली आणि गाडीत बसवलं.

हॉलचं दार उघडताच आवाज अंगावर आला. ओरेस्ट उंबऱ्यातच थबकला. टेबलाकडून चौघांनी हात वर केले, कुणी नाव घेतलं, कुणी खुर्ची ओढली. त्याचा चेहरा त्या आकड्यांच्या दिवशी झाला होता तसा व्हायला लागला. डार्लीननं ब्रेक दाबला. त्याचं कोपर धरून तिनं त्याला बाजूच्या कोटांच्या खोलीत वळवलं, दार लोटलं, दोन खुर्च्या मांडल्या आणि दोन ताटं वाढून आणली.

थंडीच्या जाड कोटांच्या ओळींमध्ये दोघं गुडघ्यावर ताटं घेऊन बसली. लोकरीचा आणि कापराच्या गोळ्यांचा वास. आवाज भिंतीपलीकडे, जाड कांबळ्यातून आल्यासारखा.

"बरं आहे इथे," ओरेस्ट होलुब्त्सी चावत म्हणाला. "ग्रेव्ही कुणी केलीय?"

"ते सांगितलं तर तू खायचा नाहीस."

एवढ्यात लॉइड हातमोजे शोधायला आत आला. खास मूस जॉहून आला होता. "इथे काय करताय?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता खोक्यावर बसला. मग लॉइडला शोधत त्याची बायको आली. मग फादर आले. त्यांना हॉलमधून पाच मिनिटं सुटका हवी होती. मग शेजारीण आली, कारण फादर कुठे गेले ते बघायचं होतं. प्रत्येकजण आपलं ताट घेऊन येत होता. लॉइडनं आदर्श मेंदूची गोष्ट सुरू केली, तशी दारातून आणखी दोघं डोकावली, आणि कुणीतरी पेरोगीचं पातेलंच उचलून आणलं. तासाभरात कोटांमधून हात, ताटं आणि हसण्याचे गडगडाट बाहेर येऊ लागले.

ओरेस्टनं डार्लीनला कोपरानं ढोसलं. "चल."

"कुठे?"

"हॉलमध्ये. तिकडे आता कुणी नाही."

कुणी नव्हतं असं नाही, पण बरेचजण घरी गेले होते आणि उरलेले पेंगत होते. खिडकीजवळचं टेबल मोकळं होतं. डार्लीननं भोपळ्याच्या पाईचे दोन तुकडे आणले. ओरेस्टनं आपला संपवला आणि बोलता बोलता तिच्यातलाही अर्धा.

कोटांच्या खोलीतून पुन्हा हशा उसळला.

"काय सांगतोय तो?" ओरेस्टनं विचारलं.

"छर्र्याचं," डार्लीन म्हणाली आणि ताड्‌कन उठली. "थांब, त्याचा आदर्श मेंदू ठिकाणावर आणून येते."

ओरेस्टनं तिची बशी आपल्याकडे ओढली.